उत्तरपूजा

माझ्या लक्षात आलं तेव्हा शब्द बोलून झाले होते. डाव्या तळहातावर ते हृदय, उजव्या हाताची बोटं त्याच्याभोवती मिटलेली, अंगठा निमुळत्या टोकावर, आणि ओठ अजून हलत होते. मी खरं तर फक्त पाणी निथळवत होते. औषधाचा उग्र वास जावा म्हणून अकोल्याच्या मेडिकल कॉलेजातल्या आमच्या शरीररचना विभागात आम्ही हृदय रात्रभर नळाच्या बारीक धारेखाली ठेवतो. सकाळी ते पिळायचं नसतं, ओंजळीत धरून हलकेच दाबायचं, म्हणजे कप्प्यांतलं पाणी आपण होऊन बाहेर येतं. त्या दाबण्यात, त्या ओल्या, गार, मुठीएवढ्या गोळ्याभोवती बोटं मिटण्यात काय झालं कोण जाणे, तोंडातून तेच निघालं जे रोज पहाटे घरी निघतं. याचे प्राण इथे येवोत, याचा जीव इथे स्थिर होवो, वाणी, मन, डोळे, कान सगळं इथे येऊन सुखानं राहो. मोठ्यानं नाही. मी मोठ्यानं काहीच बोलत नाही. दर वर्षी शेवटच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसायची परवानगी मागतात. पण हळू बोललेलं पोचत नाही असं कसं म्हणू? तसं असतं तर माझी आजवरची एकही पूजा पोचली नसती.

मातीचा नेम माझ्या वडिलांचा. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या वावरातली काळी माती चाळून ठेवायची, रोज मूठभर भिजवायची, तिचं शिवलिंग करायचं, त्यात प्राण बोलवायचे, पूजा करायची आणि निरोप देऊन त्याच दिवशी पाण्यात सोडायचं. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. लिंग उभंच राहीना, गंडाळात, पूजेच्या पसरट भांड्यात, कलंडायचं. आई म्हणाली, "जाऊ द्या आता, देव काही मोजत नाई." ते म्हणाले, "देव नाई मोजत, मी मोजतो." मग शाळेत जायच्या आधी मी माती वळायची आणि ते शेजारी पाटावर बसून शब्द म्हणायचे. हात माझे, शब्द त्यांचे. "दाबू नको, पोरी," ते म्हणायचे, "नुसती धर. तिले कळू दे का कोनी धरलं." ते गेल्यावर शब्द माझ्याकडे आले, बोलावल्याशिवाय आले, उघड्या दारातून शेजारचं मांजर यावं तसे. लग्नात माझ्या सामानात मातीचं एक पोतंही अमरावतीला आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून आणली का वावर आणलं?" तेव्हापासून एक दिवस खंड नाही. बाळंतपणात यांनी, माझ्या नवऱ्यानं, माती वळली आणि मी खाटेवरून शब्द म्हटले. इतकी वर्षं शब्द आणि बोटं एकमेकांना बांधलेली. बोटं मिटली की शब्द येणार, यात आज नवं काय होतं? नवं इतकंच, की आज हातात माती नव्हती.

मातीचे नियम साधे आहेत. प्राण बोलावले की पूजा होईस्तोवर ते जागचं हलवायचं नाही. नैवेद्य झाल्याशिवाय आपण पाणी घ्यायचं नाही. दिवस मावळायच्या आत उत्तरपूजा, म्हणजे बोटभर उत्तरेला सरकवायचं आणि म्हणायचं, आता निघा, पुन्हा येण्यासाठी जा. मगच पाण्यात सोडायचं. बसवलेलं कोणी फोडत नाही, कापत तर नाहीच. आणि हातातलं हे हृदय दुपारनंतर मी पात्यानं उघडणार होते.

"मॅडम, सीटीचा स्लॉट मिळाला! ओपीडीच्या आधी काढून घ्या म्हणाले." आकांक्षा दारातूनच ओरडत आली. ती माझी पदव्युत्तर विद्यार्थिनी, अमरावतीचीच, पायांत चाकं लावल्यासारखी. मी हृदय ट्रेमध्ये ठेवलं, तिनं ट्रेला हात घातला आणि मी म्हणाले, "हलवू नको." तिचे हात तसेच राहिले. संघपाल, आमच्या शवविच्छेदनगृहाचा परिचर, फरशी पुसता पुसता थांबला. माझा आवाज त्यानं इतका मोठा पहिल्यांदाच ऐकला असावा. "काय झालं, मॅडम? काही राहिलं का?" काय सांगू? राहिलं तर सगळंच होतं. स्नान, गंध, फूल, दिवा. "काही नाही," मी म्हणाले, "सांभाळून ने." आणि तिनं नेलं. बिनपूजेचं, जागचं हलवून, हिरवं कापड टाकून, लांब ओसरीतून, आणि मी तिच्यामागे हातमोजे न काढताच चालत राहिले.

मला माहीत आहे की तो स्नायू आहे. त्यातल्या तंतूंचे पीळ मी मुलांना टॉवेल पिळून दाखवते. इतक्या वर्षांत मी हृदयं उघडली, त्यांचे पडदे मोजले, झडपांमधून बोट घातलं, आणि घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करून देवापुढे बसले, दोन्हींत कधी भांडण झालं नाही. देह दान देणाऱ्यानं दिलेला असतो, आम्ही हात जोडून घेतो, शिकतो, आणि उरलेलं अग्नीला देतो. त्यात मला कधी पाप वाटलं नाही, कारण ती रिकामी घरं होती. ज्याला जायचं तो केव्हाच गेला होता. पण आज मी त्या रिकाम्या घराच्या दारात उभं राहून हाक मारली होती. मातीला आधीचं कोणी नसतं. तिच्यात बोलावलं तर देवच येईल. याच्यात आधी कोणी राहून गेलेलं होतं. हाक ऐकून कोण वळेल? एखादा जीव मोठ्या कष्टानं सुटून कुठे दूर गेला असेल, आणि त्याच्या मागून त्याच्याच घराच्या दारातून कोणी बाई हळू आवाजात म्हणतेय, ये, इथे स्थिर हो, सुखानं राहा. मी ओसरीतून चालत होते आणि मला वाटत होतं की ट्रेपुढे कोणीतरी उलट्या पावलांनी, माझ्याकडे बघत, चालतंय.

सीटीच्या खोलीत गारवा होता. आम्ही शोधतोय तो एक धागा. डाव्या मोठ्या कप्प्यात काही माणसांच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेला असतो, सुतळीपेक्षा बारीक. त्याचं काही काम नसतं. एखाद्याचा मात्र जिवंतपणी गुणगुणतो; छातीला नळी लावली की बारीक सूर ऐकू येतो, नवा डॉक्टर घाबरतो, माणसाला उगाच तपासण्या सांगतो. आकांक्षाचा प्रबंध त्या धाग्यावर आहे. आधी कप्पे हवेनं हलकेच फुगवून चित्र काढायचं, मग उघडून चित्रात दिसलं ते खरोखर आहे का, कसं आहे ते पाहायचं. तिनं याआधी उघडलेल्यांत धागा पात्याखालीच तुटला होता. "माझा हात बसला नाही अजून," ती परवाच रडवेली होऊन म्हणाली होती, "एक तरी अखंड पाहिजे, मॅडम, नाहीतर मी नुसती चित्रं दाखवतेय असं म्हणतील. हे शेवटचं आहे. तुम्ही करा." मी हो म्हटलं होतं. माझ्या हाताबद्दल मला कधी विचार करावा लागला नाही.

मोठ्या टेबलावर, जिथे माणूस आडवा होतो तिथे, ते एकटं ठेवलं. श्रावणनं, तिथल्या टेक्निशियननं, काचेपलीकडून कळ दाबली, टेबल सरकत त्या गोल तोंडात गेलं, आणि यंत्रातली बाई बोलली, "सांस अंदर लीजिए. रोकिए."

"अबे!" श्रावणनं कपाळावर हात मारला. "आवाज बंद कराचा राह्यला."

आकांक्षा खो खो हसली. "रोकेल बिचारं. केव्हाचं रोकून बसलंय." मीही हसायला हवं होतं. पण माझा श्वास खरंच थांबला होता. छातीत हवा घेऊन मी काचेला नाक लावून उभी होते, आणि पडद्यावर राखाडी, करड्या चकत्या एकामागून एक येत होत्या. भिंत, पोकळी, भिंत. मग पोकळीत एक ठिपका, पुढच्या चकतीत तो जरा सरकलेला, पुढच्या चकतीत अजून सरकलेला, आणि आकांक्षानं माझा दंड दाबला. "आहे! मॅडम, आहे! आणि मधे फाटा फुटलाय बघा, दोन होऊन पलीकडे गेलाय." मला ठिपका सरकताना दिसत होता. मला वाटलं, चालतोय. "छोड़िए," यंत्रातली बाई म्हणाली, पण इतक्या उशिरा की मला चक्कर आली आणि मी श्रावणच्या खुर्चीची पाठ धरली. "पाणी आणू का, मॅडम?" तो उठला. घसा कोरडा पडला होता, पण त्या हृदयाचा नैवेद्य अजून राहिला होता. "नको," मी म्हणाले. सोमवार आहे एवढंच बोलले. सोमवारी मी पाणी पिते, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

पुढचा वेळ कसा गेला ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. एका वर्गावर पायाचे स्नायू शिकवले. फळ्यावर मांडी काढताना हात वर गेला आणि खडू थरथरला. रेघ कंगव्यासारखी आली. मी फळा पुसला. वडिलांचा हात असाच आधी पूजेत थरथरला होता, जेवताना नाही, नांगराच्या रुमण्यावर नाही. वर्ग संपल्यावर ह्यांना फोन केला. हे नांदगाव पेठेला कापडाच्या गिरणीत आहेत, मागे सगळा खडखडाट. "अहो, एखादी गोष्ट चुकून बसवली गेली असेल तर..."

"काय बसवलं तू? गिझर?"

"नाही हो."

"मंग? बोल ना जोरात. कोनाले बसवलं?"

"काही नाही. संध्याकाळच्या गाडीनं येते."

"पानी-बिनी पे काही. चक्कर येते तुले." आणि खडखडाटानं फोन खाल्ला. हे देवाचं फार करत नाहीत, पण पहाटे मातीची वाटी भिजवून ठेवतात, मी उठायच्या आत. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, जाऊ दे, तो समजून घेतो. पण तो म्हणजे कोण? मला आज तेच कळत नव्हतं.

बाहेर पडले तर विभागाच्या पायरीवर पार्बताबाई बसलेल्या होत्या. पातूरकडच्या, शेवंती-झेंडूचा मळा, सोमवारी अकोल्याच्या बाजारात फुलं घेऊन येतात. त्यांचे मालक, सहदेवराव, त्यांचा देह गेल्या वर्षी आमच्याकडे आला. तेव्हापासून बाजारात जाता जाता त्या मूठभर फुलं आमच्या उंबऱ्यावर ठेवतात. आत येत नाहीत. संघपाल संध्याकाळी ती फुलं उचलून कडुनिंबाच्या आळ्यात टाकतो. देहांना आमच्याकडे फक्त क्रमांक असतात, कोणता कोणाचा हे मी मुद्दाम विचारत नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. आज मात्र त्यांना बघून मनात आलंच. ट्रेमधलं ते सहदेवरावांचं असेल का? नसेलही. कोणाचं तरी होतंच.

"या, मॅडम. तोंड काहून सुकलं तुमचं? उपास?"

"हो." मी त्यांच्याशेजारी पायरीवरच बसले. थंडीचं ऊन चांगलं लागत होतं. समोर आळ्यात जुनी फुलं काळी पडली होती. मग मी विचारलं, विचारायचं नसताना विचारलं, "पार्बताबाई, त्यांची आठवण आली की तुम्ही काय करता?"

"शिव्या देतो," त्या म्हणाल्या आणि दात नसलेलं हसल्या. "मंग काय तं! लोकं अस्थी गंगेत टाकतेत, मी काय टाकू, त्याईची चप्पल? मालक म्हनेत, तेराव्याच्या पंगतीत ज्याईनं मले कधी पानी नाई पाजलं ते बुंदी हानतीन, त्यापेक्षा पोराईले शिकू दे माह्यावर. अशे तिरपागडे." फुलांवरचं ओलं फडकं त्यांनी सारखं केलं. "लय दुखलं मॅडम त्याईले शेवटी. रात रात बसून राहेत, आडवं व्हता येये नाई. म्या कानात सांगतलं, जा आता. माह्यं काही अडत नाई. अन् परत येतो म्हनू नका. आले तं पुन्हा झेंडू तोडा लागन पहाटं उठून." पुन्हा हसल्या, पण हसू अर्ध्यात सोडलं. "घरी दिवा लावतो, पन हाक नाई मारत. गेलेल्या मानसाले हाक मारू नाई. भोळं रायते ते. हाकेसरशी येते."

त्यांनी टोपलीतून एक शेवंती काढून माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "देवाले व्हाजा," आणि टोपली डोक्यावर घेऊन गेल्या. मी ते फूल मुठीत धरणार होते. धरलं नाही. एप्रनच्या खिशात ठेवलं, आणि मूठ मिटू नये म्हणून हात तसाच खिशात उघडा ठेवून आत गेले.

पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन टेबलांवर लांब पडलं होतं. दिवस मावळायला फार वेळ नव्हता. आकांक्षानं सगळं मांडून ठेवलं होतं: पातं, बारीक कात्री, चिमटे, कॅमेरा. हृदय ट्रेमध्ये, ओल्या कापसावर. संघपाल दिवे लावत होता. "मॅडम, आज नको असेल तर..." आकांक्षा म्हणाली, आणि तिच्या आवाजात दुसरंच होतं, की आज नाही तर पुन्हा केव्हा, सुकत जाईल, धागा कडक होईल. मीही तोच विचार करत होते, दुसऱ्या बाजूनं. आज नको म्हटलं तर ते पुन्हा औषधाच्या बरणीत जाणार, झाकण लागणार, कपाटात ठेवलं जाणार. आणि मी बोलावलेलं जे कोणी असेल ते तिथेच राहणार, सुखानं राहा म्हणून सांगितलेलं, बरणीत, काचेला लागून. रात्र त्याच्यावरून जाणार. कापणं भयंकर होतं. न कापणं त्याहून भयंकर होतं.

मी मोजे घातले. पूजा मनातच केली. मनातली पूजाही पूजाच असते, वडील शेवटी तेवढीच करत. स्नान नळानं रात्रभर घातलं होतं. गंध मनानं लावलं. फूल खिशात होतं. नैवेद्याला माझ्या पिशवीतलं उपासाचं केळं मी खिडकीत ठेवलं. "तिथं नका ठेवू, मॅडम, माकडं नेतीन," संघपाल म्हणाला. "नेऊ देत," मी म्हणाले. मग दोन्ही हात ट्रेला लावले आणि तो बोटभर सरकवला, खिडकीच्या उजव्या अंगाला, उत्तरेकडे.

"मॅडम, उजेड तर इकडून बरा होता," आकांक्षा म्हणाली.

"एवढंसंच."

आणि मी निरोपाचे शब्द सुरू केले, आवाज न करता. ही पूजा घेऊन, जिथून आलात तिथे, आता जा. रोज यापुढे जे येतं तेही जिभेच्या टोकावर आलं: पुनरागमनाय. पुन्हा येण्यासाठी. मातीला मी हे रोज म्हणते आणि ती रोज येते, दुसरी मूठ होऊन, त्याच पोत्यातून. तो आमचा आपसातला करार आहे. पण याला? रात्र रात्र बसून काढणाऱ्या कोणाला, कानात जा म्हणून सांगितलेल्या कोणाला, मी सकाळी एकदा हाक मारून बसले होते. आता पुन्हा या म्हणू? शब्द दातांपाशी आला होता. इतक्या वर्षांची सवय त्याला मागून ढकलत होती. मी ओठ मिटले. तोंडात तो अर्धा शब्द घास अडकावा तसा राहिला, आणि नेम मोडल्याचा जो काही दोष असेल तो मला लागो असं मनात म्हणून मी पातं उचललं.

पातं थरथरलं. टोकावर दिव्याचा उजेड हलताना मला दिसला, आकांक्षालाही दिसला असणार, कारण तिचा श्वास ऐकू येईनासा झाला. डाव्या हाताची बोटं हृदयाभोवती मिटली. दाबू नको, पोरी. नुसती धर. मी नुसतं धरलं. शब्द तोंडात बंद, बोटं मिटलेली, आणि त्या दोघांमध्ये पहिल्यांदाच काही ये-जा नव्हती. किती वेळ गेला माहीत नाही. मग टोकावरचा उजेड स्थिर झाला आणि मी कडेकडेनं, निमुळत्या टोकापासून वर, भिंत उघडत नेली. ती जाड, दाट भिंत बाजूला केली. आत पाण्याचा एक थेंब होता, आणि थेंबाच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे फाटा फुटून, धागा. अखंड. पांढरा. आकांक्षानं श्वास सोडला. "छोड़िए," ती त्या यंत्रातल्या बाईच्या आवाजात म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं सळईच्या टोकानं धाग्याला किंचित स्पर्श केला. तो हलला आणि थांबला. "हा वाजत असेल का हो, मॅडम, तेव्हा?" मी कान पुढे नेला. खरंच नेला. काही नव्हतं. नुसता नळ ठिबकत होता. खिडकीत केळं जागेवर होतं आणि बाहेर ऊन गेलं होतं.

आकांक्षा फोटो काढत होती तेव्हा मी बेसिनपाशी जाऊन पाणी प्यायले, ओंजळीनंच. पाणी पोटात उतरताना कळत होतं. पण तोंडातला तो अर्धा शब्द त्याच्याबरोबर उतरला नाही.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, बोटं सैल. मला मूठ मिटायची भीती वाटत होती. आज हृदय होतं, उद्या काय असेल? दाराची कडी, भाजीतला बटाटा, झोपलेल्या कोणाचा हात? जिथे बोटं मिटतील तिथे मी कोणाला तरी बोलावत सुटणार का? आणि पहाटे मातीपुढे, निरोपाच्या वेळी, जीभ त्याच जागी पुन्हा अडली तर? समोर एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. ती केव्हाची माझ्या हाताकडे बघत होती.

"हात पुढं करून बसल्या अन् मागाची लाज वाटून राह्यली का, बाई?" असं म्हणून तिनं एक जाम माझ्या तळव्यावर ठेवून दिला. "घ्या. गोड हाये. खाऊन तं पाहा."

तो गार होता, मुठीएवढा. नको म्हणायच्या आत बोटं त्याच्याभोवती मिटली, त्यांना दुसरं काही येतच नाही. मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. मूर्तिजापूर आलं, उजेडाचे चौकोन डब्यातून सरकले, कोणी चढलं, कोणी उतरलं, गाडी हलली. ओठ हलले नाहीत. हातात वास होता फक्त, पिकल्या जामाचा.

"नुसता धरूनच बसता का आता?" बाई म्हणाली.

मी दात रोवले.